थोडी चित्रं, पुष्कळ वेळ : ‘माउरित्सहाउस’विषयीच्या पुस्तकाची प्रस्तावना

फुलस्केप कागदाएवढी एक लाकडी फळी. तिच्यावर रंगवलेली मळकट पांढरी भिंत, भिंतीला ठोकलेली दाण्याची डबी, डबीभोवती दोन गोलाकार दांड्या आणि वरच्या दांडीवर बसलेला, पायात बारीक साखळी अडकवलेला एक पक्षी. चित्रात एवढंच आहे. कारेल फाब्रित्सियस या डच चित्रकारानं १६५४ साली ते रंगवलं आणि आज ते नेदरलँड्समधल्या द हेग शहरात, माउरित्सहाउस या चित्रसंग्रहालयात आहे. पहिल्या भेटीत मी या चित्रासमोरून दहा सेकंदांत पुढे गेले होते.

त्या दिवशी दीड तासात सोळाही दालनं पाहून झाली. भिंतीवरची एकही पाटी वाचायची सोडली नाही. संध्याकाळी मुक्कामावर परत आल्यावर वही उघडली आणि लिहायला बसले, तर कागदावर उतरली ती फक्त नावं आणि साल. त्या पक्ष्याचं तोंड डावीकडे होतं की उजवीकडे, हेही आठवेना. फार अस्वस्थ वाटलं. एवढ्या लांब येऊन मी चित्रं पाहिलीच नव्हती, केवळ त्यांच्या समोरून चालत गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिकीट काढलं आणि ठरवलं की आज पाचच चित्रं पाहायची. हे पुस्तक त्या दुसऱ्या दिवसातून निघालं आहे. त्यानंतरच्या भेटींत चित्रांची संख्या फारशी वाढली नाही, प्रत्येक चित्रासमोरचा वेळ मात्र वाढत गेला.

युरोपातल्या मोठ्या संग्रहालयांविषयी मराठीत बरंच लिहिलं गेलं आहे. पॅरिसचं लूव्र, लंडनची नॅशनल गॅलरी, ॲम्स्टरडॅमचं राइक्सम्युझियम ही नावं प्रवासवर्णनांच्या वाचकांना परकी नाहीत. माउरित्सहाउस त्यांच्यापुढे अगदी लहान आहे. संग्रहात सुमारे साडेआठशे चित्रं, त्यांतली दोनशेच्या आसपास भिंतींवर. दोन मजले, रेशमी कापडानं मढवलेल्या भिंती, झुंबरं, आणि खिडकीबाहेर होफफायव्हर नावाचं तळं. एखाद्या श्रीमंताच्या वाड्यात पाहुणे म्हणून यावं तसं इथे वाटतं, कारण ही वास्तू बांधली गेली ती राहण्यासाठीच. या लहानपणामुळेच मी या संग्रहालयावर लिहायचं ठरवलं. चित्र पाहायला वेळ लागतो, आणि हे घर तो वेळ देतं. मला या पुस्तकात सांगायचं आहे ते एवढंच.

घराची हकिगत आधी सांगायला हवी, कारण चित्रांकडे जाण्याची वाट तिच्यातूनच जाते. याकोब फान काम्पेन या वास्तुशिल्पकाराच्या आराखड्यानुसार १६३३ ते १६४४ या काळात हे घर उभं राहिलं. ते बांधून घेणारा योहान माउरित्स हा नासाऊ घराण्यातला सरदार. घराचं काम चालू असताना तो बहुतेक काळ तिथे नव्हताच. डच वेस्ट इंडिया कंपनीनं जिंकलेल्या ब्राझीलमधल्या मुलखाचा गव्हर्नर म्हणून तो अटलांटिकपलीकडे होता. त्या मुलखाची कमाई म्हणजे ऊस आणि साखर, आणि साखरेचे मळे चालायचे ते गुलामांच्या कष्टांवर. मजूर कमी पडतात म्हणून १६३७ साली त्यानं आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा, आजच्या घानामधला, एल्मिना किल्ला पोर्तुगिजांकडून जिंकून घ्यायला आरमार पाठवलं. तिथून माणसं पकडून ब्राझीलला नेली जाऊ लागली. द हेगमधले लोक त्याच्या नव्या घराला ‘साखरेचा महाल’ म्हणत.

याच माउरित्सनं फ्रान्स पोस्ट आणि आल्बर्ट एकहाउट या चित्रकारांना ब्राझीलला नेलं. तिथली झाडं, प्राणी, माणसं आणि जमीन त्यांच्या चित्रांतून युरोपनं पाहिली. कलेचा आश्रयदाता आणि गुलामांच्या व्यापाराचा भागीदार या दोन गोष्टी एकाच माणसात होत्या. संग्रहालयानं २०१९ मध्ये योहान माउरित्सवर स्वतंत्र प्रदर्शन भरवून ही हकिगत लोकांपुढे मांडली. ती कळल्यावर संग्रहालयातलं रेम्ब्रांटचं १६६१ सालचं ‘दोन आफ्रिकी पुरुष’ हे चित्र वेगळं दिसू लागतं. एक जण समोर पाहतो आहे, दुसऱ्यानं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आहे. ही माणसं कोण होती ते चित्र सांगत नाही, पण रेम्ब्रांटनं त्यांना कुणाच्या मागे छत्री धरून उभं केलेलं नाही. चित्राचा सगळा प्रकाश आणि सगळी जागा त्यांचीच आहे.

मराठी वाचकाला हा काळ दूरचा वाटू नये. माउरित्सहाउसच्या भिंती चढत होत्या त्याच दशकात डचांच्या दुसऱ्या कंपनीनं, ईस्ट इंडिया कंपनीनं, कोकणात वेंगुर्ल्याला वखार घातली. तिचे अवशेष आजही गावात उभे आहेत. त्या वखारीतून गेलेल्या पत्रांत शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या बातम्या आहेत आणि आपले इतिहासकार त्या वापरत आले आहेत. म्हणजे वेंगुर्ल्याचा डच कारकून टाकानं पत्र लिहीत होता, तेव्हा त्याच्या मायदेशी, डेल्फ्टमध्ये, व्हर्मीर नावाचा चित्रकार खिडकीशी उभा राहून रंग खलत होता. समुद्रावरच्या व्यापारानं एका लहानशा देशात पैसा आला आणि तो व्यापारी, दारू गाळणारे, डॉक्टर, पावरोटीवाले अशांच्या हाती खेळू लागला. चर्चला आणि राजदरबारालाच चित्रं हवीत असं तिथे राहिलं नाही. साध्या घरांच्या भिंतींनाही ती हवी होती. म्हणून डच चित्रांत देवदूत कमी दिसतात आणि दह्यादुधाची भांडी, पत्र वाचणाऱ्या बायका, गुरं, ढग, कालवे जास्त दिसतात. पुराणकथा ठाऊक नसली तरी मराठी वाचकाला या चित्रांपाशी थेट जाता येतं ते यामुळेच.

मूळ संग्रह मात्र राजघराण्याचा. ऑरेंज घराण्यातल्या पाचव्या विल्यमनं १७७४ मध्ये द हेगमध्येच आपली चित्रं लोकांना पाहायला खुली केली. १७९५ मध्ये फ्रेंच फौजा आल्या आणि ती सगळी चित्रं लूट म्हणून पॅरिसला गेली. वॉटर्लूनंतर, १८१५ मध्ये, बरीचशी परत आली. सगळी आली नाहीत. नेदरलँड्सच्या पहिल्या विल्यम राजानं ती राष्ट्राला दिली, सरकारनं हे घर विकत घेतलं आणि १८२२ च्या आरंभी ते संग्रहालय म्हणून उघडलं.

त्या लुटीत सर्वांत गाजलेलं चित्र होतं पाउलुस पॉटरचा ‘वळू’. १६४७ साली ते रंगवलं तेव्हा पॉटर एकवीस वर्षांचा होता. चित्र सव्वातीन मीटरहून रुंद, वळू जवळजवळ जिवंत वळूएवढा. एरवी युद्धांना किंवा राजांना द्यायचा एवढा मोठा कॅनव्हास त्यानं शेतातल्या जनावराला दिला. पाठीवर बसलेल्या माश्या, गायीच्या नाकपुडीचा ओलावा, खाली गवतात बेडूक, वर आकाशात चंडोल. जनावरांची पारख असणाऱ्यांनी दाखवून दिलं आहे की हा वळू कुठल्या एका वळूचा नाही, निरनिराळ्या वयांच्या जनावरांचे अवयव त्यात एकत्र आले आहेत. कॅनव्हासलाही बाजूंनी आणि वर जोड दिलेला आहे. आधी एकटा वळू होता, मग पॉटरनं चित्र वाढवून गाय, मेंढ्या, झाड आणि शेतकरी आणले. बैल ज्यांच्या घरचं माणूस असतो अशा प्रदेशातल्या वाचकानं या चित्रासमोर जरूर थांबावं. खांद्याची पुठ्ठी कशी बसली आहे, पोळी कशी लोंबते, हे त्याला इतर पाहुण्यांपेक्षा आधी दिसेल.

पॉटरचा वळू पाहून आपण पुढे जातो तेव्हा सगळ्यांची पावलं एकाच दालनाकडे वळतात. तिथे व्हर्मीरची ‘मोत्याच्या कुड्यातली मुलगी’ आहे. या चित्राविषयी पुस्तकात सगळ्यांत मोठं प्रकरण आहे, तेव्हा इथे थोडंच सांगते. १८८१ साली द हेगमधल्या एका लिलावात हे चित्र आलं तेव्हा ते इतकं मळलेलं होतं की कुणी फारसं लक्ष दिलं नाही. व्हिक्टर द स्ट्युअर्स या जाणकारानं ते ओळखलं. त्यानं आणि देस तोंब या संग्राहकानं एकमेकांविरुद्ध बोली न लावण्याचं ठरवलं आणि देस तोंबला ते दोन गिल्डर आणि तीस सेंटला मिळालं. १९०२ मध्ये तो वारला. मृत्युपत्रात त्यानं हे चित्र आणखी अकरा चित्रांसह संग्रहालयाला देऊन ठेवलं होतं.

ही मुलगी कोण, हा प्रश्न सगळे विचारतात. डच चित्रकार ‘ट्रोनी’ नावाचा एक प्रकार रंगवत. त्यात कुणा ठरावीक व्यक्तीचं चित्र काढायचं नसे, एक चेहरा, एक भाव, एखादा अनोखा पोशाख दाखवायचा असे. हे चित्र त्या प्रकारातलं आहे. नाव शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा चेहऱ्याकडे पाहावं. नाकाची उजवी कड आणि गाल यांच्या मध्ये रेघच नाही, एकच रंग पलीकडे मिसळून गेला आहे. खालच्या ओठाच्या कोपऱ्यात ओलाव्याचा एक पांढरा ठिपका आहे. आणि तो मोती म्हणजे पांढऱ्या रंगाचे दोन फटकारे आहेत, वर उजेडाचा एक आणि खाली कॉलरच्या प्रतिबिंबाचा एक. कानात अडकवायला आकडाही रंगवलेला नाही. मोती आपले डोळे तयार करतात.

२०१८ मध्ये संग्रहालयातच, काचेच्या खोलीत, लोकांसमोर या चित्राचा शास्त्रीय तपास झाला. डोळ्यांना बारीक पापण्या आहेत, काळी दिसणारी पार्श्वभूमी मुळात हिरवा पडदा होती, हे त्यातून निश्चित झालं. तो हिरवा रंग नीळ आणि एका पिवळ्या वनस्पतिरंगाच्या मिश्रणानं साधला होता. साडेतीन शतकांत हे दोन्ही रंग विटले आणि पडदा अंधारात गेला. डोक्याच्या फडक्याचा निळा अफगाणिस्तानातल्या लाजवर्दाचा आहे. ओठांचा लाल कोचिनील किड्यांपासूनचा, हे किडे अमेरिकेतल्या निवडुंगावर जगतात. पांढऱ्यासाठी लागणारं शिसं इंग्लंडमधलं. डेल्फ्टच्या एका खोलीत बसलेल्या माणसाच्या रंगाच्या पाटीवर निम्मं जग आलं होतं. हा जागतिक व्यापार आणि साखरेच्या महालाची कहाणी एकाच धाग्यातल्या आहेत, हे या चित्रापाशी उभं असताना विसरता येत नाही.

बहुतेक लोक या मुलीला पाहतात, फोटो काढतात आणि निघतात. त्यांच्या पाठीमागेच त्याच दालनात व्हर्मीरचं दुसरं चित्र आहे, ‘डेल्फ्टचं दृश्य’. पहिल्या विल्यम राजानं १८२२ साली ते २,९०० गिल्डरला घेऊन या संग्रहालयाला दिलं. माझ्या मते या घरातलं सगळ्यांत मोठं चित्र हेच. सकाळची वेळ, पुढे पाणी, पलीकडे तट, वेशी आणि छपरं, वर ढगांचं आकाश. पुढची छपरं सावलीत आहेत आणि ऊन पडलं आहे ते गावाच्या आतल्या भागावर, नव्या चर्चच्या मनोऱ्यावर. आपण बाहेर अंधाऱ्या ढगाखाली उभे आहोत आणि गाव आत उजळलं आहे. होडीच्या काळ्या कडेवर रंगाचे बारीक गोल थेंब ठेवले आहेत, ते पाण्यावरून उठलेल्या उजेडाचे. जवळ गेलं की नुसते ठिपके, चार पावलं मागे आलं की होडी ओली होते. हे पुढे-मागे होणं वारंवार करावं.

व्हर्मीर १६७५ मध्ये वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कर्जात वारला. घरी अकरा मुलं होती. पावाची थकबाकी भागवायला व्हर्मीरच्या बायकोनं बेकरीवाल्याला दोन चित्रं दिली. नंतर जवळजवळ दोनशे वर्षं व्हर्मीरचं नाव लोकांच्या ओठांवर नव्हतं. फ्रेंच समीक्षक तेओफील तोरे हेगला आला, ‘डेल्फ्टचं दृश्य’ पाहून थबकला, या चित्रकाराच्या शोधात युरोपभर हिंडला आणि १८६६ मध्ये त्यानं त्याच्यावर लेखमाला लिहिली. आज व्हर्मीर जगाला माहीत आहे, कारण एक माणूस या चित्रासमोर थांबला. मार्सेल प्रूस्तनंही ते १९०२ मध्ये हेगला पाहिलं, १९२१ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात पुन्हा पाहिलं आणि आपल्या कादंबरीतल्या एका लेखकाला याच चित्रासमोर मरण दिलं.

या प्रस्तावनेच्या आरंभी ज्या पक्ष्यापाशी आपण होतो तो व्हर्मीरच्या दालनाजवळच आहे. तो पक्षी म्हणजे गोल्डफिंच. डच भाषेत त्याला लाडानं जे नाव आहे त्याचा अर्थ ‘पाणी शेंदणारा’. हे पक्षी माणसाळवून त्यांना लहानशा भांड्यानं पाणी ओढून वर घ्यायला शिकवत आणि हौसेनं घरात ठेवत. फाब्रित्सियस रेम्ब्रांटचा शिष्य. पंखावरचा पिवळा पट्टा त्यानं एका झटक्यात रंगवला आणि ओल्या रंगात कुंचल्याच्या दांड्यानं रेघ ओढली. ती रेघ आजही दिसते. भिंतीवरची सावली अशी पडली आहे की लांबून पक्षी खरोखरच तिथे बसल्याचा भास होतो. १२ ऑक्टोबर १६५४ रोजी डेल्फ्टमधलं दारूगोळ्याचं कोठार उडालं, गावाचा मोठा भाग जमीनदोस्त झाला आणि फाब्रित्सियस बत्तिसाव्या वर्षी गेला. त्याची डझनभरच चित्रं आज उरली आहेत. या पक्ष्यावर त्यानं घातलेलं साल तेच, १६५४. हे कळलं की ती बारीक साखळी पाहताना मन जड होतं. तरी ही माहिती चित्र पाहून झाल्यावर वाचावी असं मी सांगेन. आधी वाचली तर आपण पक्ष्याऐवजी स्फोट पाहत बसतो.

रेम्ब्रांटच्या ‘डॉ. टुल्प यांचा शरीररचनेचा पाठ’ या चित्राच्या बाबतीत मात्र माहिती आधी हवी. १६३२ च्या जानेवारीअखेर ॲम्स्टरडॅममध्ये झालेल्या शवविच्छेदनाचं हे चित्र शल्यवैद्यांच्या संघानं पंचविशीतल्या रेम्ब्रांटकडून करून घेतलं. टुल्प चिमट्यानं प्रेताच्या हाताचे स्नायू उचलून धरतो आहे, बोटं मिटवणारे तेच स्नायू, आणि आपल्या डाव्या हाताची बोटं वाकवून ते काय करतात हे दाखवतो आहे. मेलेला हात आणि जिवंत हात शेजारी शेजारी. ऐकणाऱ्यांपैकी एकाच्या हातात कागद आहे, त्यावर वैद्यांची नावं मागाहून लिहिली गेली. त्या कागदावर एक नाव नाही. मेजावर निजलेल्या माणसाचं. कागदपत्रांतून ते आपल्याला ठाऊक आहे : आरिस किंट, चोरीसाठी फाशी दिलेला. चित्राच्या मधोमध सगळ्यांत जास्त उजेड त्याच्याच अंगावर आहे. रेम्ब्रांटनं नावं मागणाऱ्यांचं काम चोख केलं आणि उजेड मात्र निनावी माणसाला दिला. या संग्रहालयात दोन तास असाल तर त्यांतला अर्धा तास या चित्राचा.

ही नामांकित चित्रं. पण या घरात माझा जीव ज्यांच्यावर जडला त्यांत काही कमी गाजलेलीही आहेत आणि पुस्तकात त्यांना हौसेनं जागा दिली आहे. यान स्टेनच्या मोठ्या चित्रात एक घरभर गोतावळा बारशाच्या जेवणाला बसला आहे. म्हातारी गाणं म्हणते, बाप हसत हसत पोराला चिलीम ओढायला शिकवतो, आणि त्या बापाचा चेहरा खुद्द स्टेनचा आहे. चित्राचं नाव डच म्हणीवर आहे. मराठी माणूस ती ‘खाण तशी माती’ म्हणून ओळखेल. अँटवर्पच्या क्लारा पेटर्सनं चीजच्या चाकांची थप्पी, बदाम आणि लोण्याच्या पापुद्र्यांची बशी रंगवली. स्त्रियांना चित्रकार म्हणून नाव मिळणं अवघड होतं अशा काळात तिनं आपलं नाव सुरीच्या मुठीवर कोरलं आणि सुरईच्या झाकणात आपल्या चेहऱ्याचं इवलंसं प्रतिबिंब ठेवलं. पाहायला वाकावं लागतं, वाकल्यावर ती दिसते. याकोब फान रॉइसडालच्या हार्लेम गावाच्या चित्रात दोनतृतीयांश आकाश आहे. खाली गवतावर ताग्यांचे तागे कापड शुभ्र व्हावं म्हणून उन्हात पसरलं आहे. ढगांच्या फटीतून पडलेलं ऊन नेमकं त्या पांढऱ्या कापडावर आलं आहे. देशावर जूनमध्ये माळावरून ढगाची सावली सरकताना ज्यानं पाहिली आहे त्याला हे चित्र समजावून सांगावं लागणार नाही.

आपली चित्रांची ओळख बहुधा छापील चित्रांतून होते. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना घातला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथल्या चित्रांनी महाराष्ट्रातल्या देवघरांच्या भिंती भरल्या. त्या छापील चित्रांचं ऋण मोठं आहे. लक्ष्मीचा, सरस्वतीचा चेहरा आपल्याला त्यांनीच दिला. पण छापील चित्रात आणि आता फोनच्या पडद्यावर दोन गोष्टी हरवतात, आकार आणि पोत. सव्वातीन मीटरचा वळू आणि अर्ध्या मीटरहून लहान अशी मोत्याची मुलगी फोनवर एकाच मापाची होतात. व्हर्मीरनं छपरांवर दिलेले खरखरीत रंगाचे कण सपाट होतात. मूळ चित्र ही एक वस्तू असते, फळी, कापड, तेल, माती आणि एका माणसाच्या हाताची हालचाल. तिच्यासमोर उभं राहिलं म्हणजे तो हात आपल्यापासून दोन फुटांवर असतो. याच्यासाठी प्रवास करायचा.

पुस्तकाच्या मांडणीविषयी दोन शब्द. यात अठरा चित्रं घेतली आहेत, प्रत्येकाला एक प्रकरण. प्रकरणाचा पहिला भाग केवळ दिसतं त्याचा आहे, चित्रकार, काळ, किंमत हे सगळं नंतर येतं. हा क्रम मुद्दाम आहे आणि वाचकानं तो मोडू नये अशी विनंती आहे. चित्रकलेच्या परिभाषेतले शब्द शक्य तिथे साधे केले आहेत. डच नावं उच्चाराच्या जवळ जातील अशी लिहिण्याचा प्रयत्न आहे. जे पाहिलं नाही त्यावर लिहिलं नाही.

ज्यांना प्रत्यक्ष जायचं आहे त्यांच्यासाठी थोडं. ॲम्स्टरडॅमहून द हेगला आगगाडीनं तासाभराच्या आत पोहोचता येतं आणि मुख्य स्थानकापासून संग्रहालय चालत दहा मिनिटांवर आहे. दार उघडताच आत शिरा, म्हणजे व्हर्मीरच्या दालनात पहिली वीस मिनिटं निवांत मिळतील. सगळी दालनं एकदा पायाखालून घाला, मग मागे फिरा आणि तीन ते पाच चित्रं निवडा. पाटी शेवटी वाचा. फोटो काढायचाच असेल तर निघताना काढा, आल्या आल्या नको. मुलं बरोबर असतील तर त्यांना चित्रातल्या वस्तू मोजायला लावा, बेडूक कुठे आहे, सुरईत कोण दिसतं. मुलं मोठ्यांपेक्षा नीट पाहतात. आणि मुक्कामावर परतल्यावर त्यांतलं एक चित्र आठवणीतून कागदावर रेखाटा. हात वाईट असला तरी चालेल, जिथे पेन्सिल अडेल तिथे आपण पाहायचं राहून गेलं होतं हे कळेल.

ज्यांना हेगला जाणं जमणार नाही त्यांच्यासाठीही हे पुस्तक तितकंच आहे. पाहण्याची सवय कुठेही लागते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांनी दिलेली युरोपीय चित्रं आहेत. सातारा जिल्ह्यात औंधला यमाईच्या डोंगरावर, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेल्या भवानी संग्रहालयात, रविवर्मा आणि धुरंधरांची चित्रं आहेत. ती पाहायला परवाना लागत नाही, विमान लागत नाही. अर्धा दिवस लागतो. आपल्या जवळची चित्रं अशी धूळ खात, पाहुण्यांची वाट पाहत असताना आपण लांबच्या चित्रांची हळहळ करावी हे मला पटत नाही.

म्हणून वाचकाकडे एकच मागणं आहे. पहिलं प्रकरण वाचण्याआधी आपल्या गावापासून जवळात जवळ असलेल्या संग्रहालयात जा, तिथलं कुठलंही एक चित्र निवडा आणि त्याच्यासमोर पंधरा मिनिटं घड्याळ लावून उभे राहा. पाचव्या मिनिटाला कंटाळा येईल, तरी हलू नका. दहाव्या मिनिटाला काहीतरी असं दिसेल जे आधी दिसलं नव्हतं. ते काय होतं, एवढं एका ओळीत लिहून ठेवा आणि मग हे पान उलटा.